झुडपातला किरण

देखाव्याच्या फोटोंसाठी परंड्याच्या गफार फोटोवाल्यानं हैदराबादेहून आणलेला कॅमेरा गळ्यात घालून उटी केली, महाबळेश्वर केलं, पण बक्षीस काही पदरात पडेना. शेवटी वैतागून त्यानं एका सकाळी घराजवळच्या किल्ल्याचाच फोटो घेतला. खंदक, बुरूज अन् काठाची झुडपं. पुण्याच्या प्रदर्शनात नेमका त्यालाच पहिला नंबर! परीक्षकांनी लिहिलं होतं, 'झुडपांमधून लकाकणारा तो एक प्रकाशाचा ठिपका या चित्राचा प्राण आहे.'

गफारनं फोटो मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. येईल त्याला तो छाती फुगवून सांगे, "सूर्याचा पहिला किरण दवावर पडला, अन् तेवढ्यात म्या बटण दाबलं!"

तिसऱ्या दिवशी पेन्शनर दत्तोपंत आले. चष्मा पुसून त्यांनी फोटो न्याहाळला, नाक काचेला टेकवून पुन्हा न्याहाळला, अन् गफारला आत ओढून नेलं.

"गफारमियाँ, दव कसलं डोंबलाचं! तो माझा तांब्या आहे. मागं मी बसलोय."

गफारच्या तोंडचं पाणी पळालं. आता फोटो उतरवावा लागणार! "पंत, गलती झाली. म्या कुणाला बोलणार न्हाय."

"बोला की! पार पुण्यापर्यंत पोचलाय तो," दत्तोपंत म्हणाले. "फक्त आदल्या दिवशी निरोप धाडायचा होता. तांब्या चिंचेनं घासून आणला असता!"