न थांबणारा ठिपका

आयविन गोठलेल्या समुद्रावरून उत्तर ध्रुवाकडे निघाला, तेव्हापासून सिग्रिडचा जीव टांगणीला लागला होता. त्याच्या स्लेजवरचं यंत्र उपग्रहाला ठावठिकाणा कळवायचं, आणि नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरी, घरच्या स्वयंपाकघरात तिच्या पडद्यावर लाल ठिपका सरकायचा. परवा तो दिवसभर जागचा हलला नाही, तेव्हा ती पडद्यापुढून उठली नव्हती.

आज सकाळी सासरे दारात दिसताच ती म्हणाली, "बाबा, निघाला एकदाचा. कालपासून नुसता चालतोय."

हाल्वरबाबांची हयात ध्रुवाकडच्या बर्फावर गेलेली. ते बूट न काढताच आत आले आणि पडद्यापुढे वाकले.

"जेवायला थांबला?"

"नाही."

"झोपायला?"

"नाही म्हटलं ना. तुमचाच मुलगा, हट्टी."

"आणि हा दक्षिणेकडे कसा येतोय?"

"समोरून वारा सुटलाय म्हणे, कालपासून. फिरला असेल मागे."

 बाबांनी बचाव पथकाला लावायला फोन उचलला.

"पोरी, माणूस चालत असला की मधे कुठेतरी थांबतो. वाऱ्याने वाहणारा बर्फ थांबत नाही."