भावींचं रक्तदान

"नेहमीसारखंच करायचं हं, ताई," खाटेवर आडवे होत भावी हळूच म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे बघून छान हसले.

नेहमीसारखं म्हणजे काय, ते रक्तपेढीतल्या सिस्टरला पाठ होतं. दंडाला पट्टा बांधायचा, सुई नुसती कातडीला टेकवून वर चिकटपट्टी लावायची, फोटो झाले की सगळं काढून कापसाचा बोळा दाबायचा. रक्ताचा एक थेंब घ्यायचा नाही. रुग्णालयाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या पक्षाच्या दरवर्षीच्या शिबिरात हे नाटक तिने चार वेळा केलं होतं. आणि साहेबांच्या पत्रकावर छापलेलं काय, तर 'रक्तगट ओ निगेटिव्ह, रक्तदान बावीस वेळा'! वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. चौकाचौकात त्यांचे 'भावी नगराध्यक्ष' असे फलक लागलेले, म्हणून सगळे त्यांना भावीच म्हणायचे. तोंडावरसुद्धा. त्यांनाही ते आवडायचं.

सिस्टरच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे हाच पक्ष. ती स्वतः सभासद. आज संध्याकाळी सभासदांच्या मतदानातून उमेदवार ठरायचा होता. एकीकडे भावी, दुसरीकडे एक निवृत्त मास्तर. मास्तर भला माणूस, पण सभेत झोपायचा.

"फोटोसाठी रक्त दिल्याचं सोंग करणारा माणूस खुर्चीसाठी काय काय करेल?" सकाळी तिने नवऱ्याला विचारलं होतं.

"अगं, आपला आहे ना? मग झालं तर," नवरा डबा भरता भरता म्हणाला होता.

पण तेव्हा सकाळचे सात वाजले होते. आता अकरा वाजले होते आणि सगळंच बदललं होतं. तिची धाकटी बहीण वरच्या मजल्यावर बाळंत झाली होती. मुलगी झाली, गोड होती, पण बहिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. होत्या त्या दोन पिशव्या संपल्या होत्या. बाहेरून मागवलेलं रक्त यायला चार तास लागणार होते.

"आज सोंग नाही," सिस्टर खाली वाकून म्हणाली. "आज खरंच द्या. माझी बहीण वर मरायला टेकलीय, आणि गट तुमचाच आहे."

भावींचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, जरा बाजूला येता? दोन मिनिटं बोलू."

"बोलायला वेळ कुठाय?"

"अहो, पण ऐका तर..."

मग मात्र तिचं डोकं फिरलं. ती ताठ उभी राहिली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "मंडळी, आज भावी एका बाळंतिणीचा जीव वाचवतायत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. दोघातिघांनी घोषणाही दिल्या. भावींनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि हात पुढे केला.

तिने फॉर्म घेतला. "ताप? कावीळ? औषधं चालू आहेत?"

"नाही. नाही. नाही," भावी कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले आणि सही केली.

सुई आत गेली तसे त्यांनी डोळे मिटले. कपाळावर घाम डवरला. एवढा मोठा बाप्या आणि सुईला घाबरतो! सिस्टरला एकदम त्यांची दया आली. घाबरत होता, तरी दिलं बिचाऱ्याने. आपणच इतकी वर्षं त्याला नावं ठेवत बसलो.

पिशवी भरली. गट जुळला. बाकीच्या तपासण्यांचा निकाल दुसऱ्या दिवशीच येणार होता, आणि वरून सर्जनचे फोनवर फोन चालले होते.

"निकालाआधी पिशवी सोडायची म्हणजे जोखीम आहे," रक्तपेढीचे डॉक्टर म्हणाले. "दाता ओळखीचा आहे?"

"आमच्याच पक्षाचे आहेत, सर. खात्रीचा माणूस."

डॉक्टरांनी सही केली.

चार वाजता बहिणीने डोळे उघडले आणि पहिल्यांदा चहा मागितला, मग लेक. सिस्टर ढसाढसा रडली. तशीच पक्षाच्या कार्यालयात पळाली, भावींना मत दिलं आणि फाटकाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला सकाळची हकीकत सांगितली. भावी नऊ मतांनी उमेदवार म्हणून निवडून आले.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. भावींच्या नमुन्यापुढे लिहिलं होतं, 'कावीळ ब', म्हणजे रक्तातून पसरणारी हिपॅटायटिस बी.

काहीतरी चुकलं असेल म्हणून तिने तपासणी परत करवून घेतली. तेच आलं. डॉक्टर जिना चढून धावत गेले, बहिणीला आणि बाळाला तातडीने इंजेक्शनं दिली. उपयोग होईल ना, असं तिने तीनदा विचारलं. "बघू," एवढंच ते म्हणाले.

दात्याला समोर बसवून सांगायचं, असा नियम होता. तिला दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण ती स्वतः गेली. जीव वाचवायला आला आणि हे वाढून ठेवलेलं! त्याला कल्पनाही नसेल, असं रस्ताभर तिच्या मनात येत होतं.

कार्यालयात अभिनंदनाला गर्दी लोटली होती. भावींनी तिला बघून सगळ्यांना बाहेर पाठवलं.

"साहेब, धीराने घ्या," ती म्हणाली. "तुमच्या रक्तात कावीळ निघालीय."

भावींनी उठून दार लावून घेतलं.

"चार वर्षं झाली, ताई," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून तर दर वेळी सुई टोचू देत नव्हतो. काल तुम्हीच ऐकलं नाहीत."