आई, फिरव

मूल झाल्यापासून प्रायून आणि बुआलाय एकमेकांना आई-बाबाच म्हणत. अख्ख्या लाम्पांग शहरात नवरा-बायको तसंच म्हणतात. गाडीत वसणारी, न दिसणारी राखणदार देवी, तीही आईच. आरशाला माळ तिची, आणि तिला विचारल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही.

"बाबा, इंजिन उघडायच्या आधी आईला विचारलंस ना?"

"तूच की आई. दे परवानगी."

"जीभ आवर जरा," बुआलाय म्हणाली.

दुपारपर्यंत अंगणातच जुना कॅमशाफ्ट निघून नवा बसला. आता इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघायचं होतं. साखळीची खूण चाकावरच्या खुणेशी जुळायला हवी; हुकली असली तर इंजिनातले व्हॉल्व्ह वाकलेच म्हणून समजा. प्रायूनने बॉनेटखाली डोकं घातलं आणि लाल खुणांवर नजर रोवली. फिरवणारीने गाडीखाली आडवं व्हायचं.

"आई, एकोणीसचा पाना घे नि खालून फिरव."

थोड्या वेळाने साखळी सरकली.

"हळू. अजून. थांब."

खूण खुणेला तंतोतंत मिळाली. दुसऱ्या फेऱ्यालाही तशीच.

"आई, आज काय हात बसलाय तुझा."

"कुणाचा हात?" बुआलाय घराच्या पायरीवर उभी होती, हातात पाना. "हा तुझा एकोणीस नंबर तांदळाच्या डब्यामागे सापडला. कधीची शोधतेय. तू बोलतोयस कुणाशी?"

प्रायूनने खाली वाकून बघितलं नाही. ग्रीसने माखलेले हात त्याने तसेच जोडले.

"आईशी," तो म्हणाला.

हाक ऐकल्यासारखी साखळी पुन्हा सरकली.