उद्याची खुर्ची

"आता उद्याच्या खुर्चीत बसा, काका," शिकवणीच्या बाई म्हणाल्या, आणि म्हातारा बेकरीवाला जागचा हलेना.

बाईंच्या खोलीत इंग्रजीचे काळ खुर्च्यांवर मांडलेले असत. कालची, आजची, उद्याची. ज्या खुर्चीत बसाल त्या काळात बोलायचं. या युक्तीनं बाईंनी दगडांना बोलतं केलं होतं. जिन्यातलं मांजरसुद्धा कालच्या खुर्चीत बसलं की भूतकाळात म्यांव करतं, असं शेजारी शपथेवर सांगत.

मघाशी कालच्याच खुर्चीत बसून बेकरीवाल्यानं आपली विकून टाकलेली भट्टी इंग्रजीत अशी काही पेटवली, की खोलीभर ताज्या पावाचा वास सुटला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ लोणी घेऊन खाली आले आणि ओशाळून परत गेले. आजच्या खुर्चीतही गाडी बरी चालली. गुडघे दुखतात, पंखा कुरकुरतो, वगैरे.

उद्याच्या खुर्चीत मात्र तो कसाबसा टेकला आणि तोंडाला कुलूप. सकाळी तोंडी परीक्षा होती, तीही शेवटची संधी. नापास झाला तर परदेशातल्या लेकीकडे जायचा परवाना मिळणार नव्हता, आणि इथे त्याचं आता कोणी उरलं नव्हतं.

बाईंनी समजावलं, काही अवघड नाही, मध्ये 'विल' घालायचं की झालं.

"विल येतं हो, बाई. त्याच्यापुढे काय घालू?"

बाईंनी सुचवून पाहिलं. तिथे फिरायला जाल? गुडघे. झाडं लावाल? लेकीचं घर चौदाव्या मजल्यावर. नातवंडांना खेळवाल? ती दिवसभर शाळेत, आणि घरी आली की आपापल्या खोलीत. मग पाव तरी भाजाल? छे. लेकीनं फोनवर बजावलंच होतं, जन्म गेला तुमचा भट्टीपुढे, आता इकडची काडी तिकडे करायची नाही, बाबा, नुसतं बसायचं.

बाराच्या बारा काळ तोंडपाठ असलेल्या बाई शेवटी हळूच म्हणाल्या, "मग तेच म्हणा."

"आय विल सिट," तो म्हणाला.

एकही चूक नव्हती. बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा बिनचूक. मग तो आपलाआपणच घोकू लागला, मान खाली घालून, शहाण्या पोरासारखा. आणि मांडीवर त्याचे दोन्ही हात, नसलेलं पीठ मळत होते.