डावा दरवाजा

लाल स्पोर्ट्स कार बघायला आलेल्या काकांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट डाव्या दरवाजापाशी उकिडवे बसले आणि मोबाइलच्या टॉर्चने रंग तपासू लागले. मग डोळे मिटून त्यावर बोटं फिरवली. जुन्या गाड्या विकण्यात माझी हयात गेली. भाव पाडायला खुसपट काढणारं गिऱ्हाईक मला लांबूनच कळतं.

"काका, भिंग देऊ का आणून?" मी म्हणालो. "इथे मोठा ओरखडा होता, खोटं कशाला बोलू? पण अख्खा दरवाजा घासून नव्याने रंगवलाय. आता दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही."

"नाही सापडत खरा," म्हणत ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "राहू द्या मग. नको गाडी."

"अहो, ओरखडा दिसला म्हणून नाक मुरडणारे रोज येतात. नाही दिसला म्हणून परत जाणारे तुम्ही पहिलेच!"



"पूर्वी ही गाडी आमचीच होती," टॉर्च बंद करत ते म्हणाले. "बायकोने चालवायला शिकताना घरच्या फाटकाला घासली होती. आता ती नाही. फाटकाच्या खांबाला लागलेला लाल रंग तेवढा आहे, त्यावरच भागवायचं."