दुभंगलेले झाड

मारा अभयारण्यात शिकार दिसली की वायरलेसवरून इतर गाड्यांना हाक द्यायची, हा सफारीच्या चालकांचा जुना रिवाज. पण त्या सकाळी झाडावर बिबट्या हरीण खात बसला होता, आणि पाहुण्या बाई कॅमेऱ्यावरून डोळा न हलवता म्हणाल्या, "कुणाला बोलावू नका. हा फोटो माझ्या एकटीचा हवा." गाडी चालवणाऱ्या सिरोन्काला त्यांचे मन मोडवेना.

तेवढ्यात वायरलेसवर त्याचा जिवलग मित्र पार्मुआत दुसऱ्या गाडीतून खिदळला, "काय रे, घोरतोयस की काय गाडीत? दिसलं काही?"

"कसलं काय! नुसत्या रानम्हशी," सिरोन्का म्हणाला.

संध्याकाळी शेकोटीपाशी बाईंनी मोठ्या कौतुकाने सगळ्या चालकांना फोटो दाखवला. विजेने दुभंगलेले ते झाड पार्मुआतने पाहताक्षणी ओळखले. मग मक्याच्या पिठाच्या उगालीचे ताट तेवढे त्याने सिरोन्काकडे सरकवले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सिरोन्काच्या वायरलेसवर एकही हाक आली नाही. मग दूर माळावर धूळ दिसली. सगळ्या गाड्या शिकारीवर बसलेल्या एका सिंहिणीभोवती उभ्या होत्या.



वायरलेस बिघडला असेल, या आशेने सिरोन्काने बटण दाबून पाहिले. तो उत्तम चालू होता.