दिवेलागणीचं विरजण

"घरचं विरजण आहे का? आत्ताच हवंय," निशिकांत धापा टाकत म्हणाला. आईच्या मजल्यावरच्या बाकी घरांत पाकिटातलं दही निघालं होतं. महानंदाकाकू बिराजदारांचं हे शेवटचं दार.

दवाखान्यात औषधांनी त्याच्या आईच्या पोटातले सगळेच जंतू मारले होते, चांगलेही. हल्ली माणसं तरुणपणीच आपले जंतू जंतुपेढीत ठेवतात आणि गरज पडली की परत घेतात. आईनं ते कधी केलं नव्हतं. कारखान्यात वाढवलेले जंतू तिच्या शरीरानं झिडकारले.

"वर्षानुवर्षं त्या घरी जे आंबवून खात आल्या, त्यातच त्यांचे जुने जंतू सापडतील. आजच आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

आणि परवाच निशिकांतनं आईचा फ्रीज घासूनपुसून लख्ख केला होता. विरजणाची ती आंबट वासाची वाटी त्यानंच मोरीत ओतली होती. आता शेजारी कुणाकडे तरी तसलं जुनं विरजण मिळेल, एवढीच आशा होती.

काकूंनी देव्हाऱ्यातल्या दिव्याकडे पाहिलं. "दिवेलागण झाली रे. या वेळेला विरजण देत नाहीत. तुझ्या आईनंच शिकवलंय मला."

"काकू, आई जाईल हो!"

काकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग थांबला. निशिकांत उंबऱ्याशी तसाच उभा राहिला.

त्या बाहेर आल्या त्या दह्याचं अख्खं पातेलं घेऊन, पायांत चपला सरकवत.

"मी लग्न होऊन इथं आले, तेव्हा तिनंच हे विरजण दिलं होतं मला," त्या म्हणाल्या. "तिचं तिला परत करतेय. याला देणं म्हणत नाहीत. चल, गाडी काढ."